गोजरबाईच्या रानातला चुना

गोजरबाईबद्दल सांगायचं तर आधी माझ्याबद्दल सांगावं लागतं, आणि तिथंच माझी पंचाईत होते. आपल्याच थोबाडीत मारून घ्यायला कुणाला आवडतं हो? पण बाई गेली. तिच्या रानाचं खरं काय झालं हे स्वतः बघितलेली आता दोनच माणसं उरली, एक मी आणि दुसरा चांदसाब चुनेवाला. चांदसाबचं तेव्हाही कुणी ऐकलं नाही, आता कोण ऐकणार? तेव्हा मलाच सांगायला हवं.

सन चौऱ्याहत्तरला माझी कोकणातून मोहोळ तालुक्यात बदली झाली. शेतकी खात्यात होतो मी. वय सत्तावीस, पायात बाटाचे बूट, सायकलीला डायनामो आणि डोक्यात हवा. वाकसेवाडीत पोचलो त्याच दिवशी पारावर एका बाईनं मला अडवलं. बुटकी, काटक, लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, दातांना मिश्री लावता लावताच बोलत होती.

"कुनाचा रं तू?"

मी गाव सांगितलं, वेळापूर. तशी तिनं मिश्रीचं बोट तोंडातनं काढलं आणि खळखळून हसली. "आगं बया! माज्या म्हायेरचा की! मंग मी तुजी आत्या लागते. साहेब असशील तू तुज्या कचेरीत."

तेव्हापासून ती माझी आत्या. दर सोमवारी माझी फेरी असायची आणि दर सोमवारी तिच्या ओट्यावर माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवलेली असायची. मी नको म्हटलं की शिव्या घालायची. "खा गप. सरकार काय पोट भरतंय व्हय तुजं?"

नवरा ज्ञानबा जाऊन बारा वर्षं झालेली. एक मुलगी, ती मंगळवेढ्याकडं दिलेली. ओढ्याकाठचं चार एकर काळं रान ही बाई एकटी कसायची, आणि कसायची तीही जगावेगळी. ती नांगरतच नव्हती.

त्याची सुरुवात दुष्काळात झाली. बहात्तर साली तिनं खडी फोडली आणि वैरण नाही म्हणून तीन बैल विकले. एक म्हातारा ढवळ्या राहिला. आमच्याकडच्या काळ्या रानात लोखंडी नांगराला सहा बैल लागतात. एका बैलावर कसलं नांगरतेय? तिनं चांदसाबशी सावड केली. त्याच्या चुन्याच्या गाडीला एक बैल होता, तो नि हिचा ढवळ्या अशी जोडी जमवून हिनं दोनफणी पाभरीनं सरळ गेल्या सालच्या ज्वारीच्या धसकटांमधनं पेरणी केली. लोक धसकटं वेचून चुलीला नेतात, हिनं ती रानातच ठेवली. लोक हसले. पण त्या साली वाऱ्यानं बाकीच्या रानांचा वरचा थर उडाला, हिचा जागच्या जागी राहिला, आणि ओलही टिकली. झालं! बाईला ती रीतच पटली.

"नांगर कशाला रं?" ती मला रानात नेऊन दाखवायची. उन्हाळ्यात तिथं हात हात रुंद भेगा पडलेल्या असायच्या. "ही बग. भुई आपली आपुन फाटती. वरची माती आत जाती, आतली फुगून वर येती. देवानं केल्याली नांगरट सोडून मी सा बैलं कुटनं आनू?"

आता तिचा दीर आबासाहेब. वाईट माणूस मुळीच नव्हता, हे आधीच सांगतो. गावातला सगळ्यात चांगला नांगऱ्या, आणि त्याला खरोखरच वाटायचं की वहिनी भावाच्या जमिनीची माती करतेय. चारचौघांत त्याचा चेहरा उतरायचा. पंच्याहत्तरच्या पाडव्याला चावडीत त्यानं विषय काढला आणि पंचांसमोर ठरलं: पुढच्या सुगीला वहिनीचं रान आबासाहेबाच्या शेजारच्या रानाच्या बरोबरीनं पिकलं तर तिनं तिच्या रीतीनं खुशाल कसावं, कुणी तोंड उघडायचं नाही. नाही पिकलं तर पाडव्यापासून रान आबासाहेब नांगरेल, पेरेल, आणि तिला निम्मा वाटा घरपोच करेल.

गोजरबाई म्हणाली, "कबूल." अन् माझ्याकडं बघून हसली. "माजा भाचा शेतकीचा हाय. मला काय भ्या?"

हे वाक्य आठवलं की अजून माझ्या कानाच्या पाळ्या तापतात.

मला काय, मोठंच घबाड सापडलं. न नांगरता शेती! एका मासिकात मी परदेशातल्या अशा शेतीबद्दल वाचलं होतं. तिथं म्हणे काडीकचरा वरच कुजतो, वरची माती आंबट होत जाते, म्हणून शेतकरी दर चार-दोन वर्षांनी वरून चुना पसरतात. शिवाय कोकणात तीन वर्षं मी दुसरं केलं काय होतं? तिथली तांबडी माती आंबट, चुना टाकला की पीक तरारतं. गोजरबाईची ज्वारी आदल्या साली सुरुवातीला जराशी फिकी होती. माझं निदान तयार! धसकटं कुजली, माती आंबली, चुना पाहिजे. खात्याकडनं प्रात्यक्षिकाचा प्लॉट मंजूर करून घेतला, चुना फुकट मिळणार होता.

फक्त एक काम राहिलं होतं. माती तपासायची. गोजरबाईनं मला चार कोपऱ्यांतली माती नीट वाळवून, चाळून, खणाच्या कापडाच्या पिशवीत बांधून दिली होती. ती सोलापूरच्या प्रयोगशाळेत पाठवायची, एवढंच माझं काम. ती पिशवी माझ्या खोलीत ट्रंकेच्या एका पायाखाली गेली. ट्रंक डुगडुगत होती म्हणून. खोटं नाही सांगत. आज पाठवू, उद्या पाठवू, करता करता श्रावण संपला आणि मी माती तपासणीच्या कार्डावर आंबटपणाचा आकडा ठोकून दिला. कोकणातल्या एका जुन्या कार्डावर जो होता तोच.

प्रयोगशाळेची एक फेरी, बस. कुर्डुवाडीला सिनेमा बघायला मी त्या महिन्यात दोनदा गेलो होतो.

चुना चांदसाबच्याच भट्टीतनं यायचा होता. ओढ्याच्या काठाला त्याची भट्टी, घरात बायको सरदारबी आणि तो, दोघं मिळून चुनखडीचे खडे वेचायचे आणि भाजायचे. गडी मितभाषी, भुवया कायम चुन्यानं पांढऱ्या. मी मागणी सांगितली तर तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"चाळीस पोती? आनि टाकायचा कुटं, सायेब?"

"गोजरबाईच्या रानात."

"आवो, पन ह्यो चुना त्याच रानाचा हाय की! तिच्याच बांधाखालनं खडं येचतो आमी. हितनं काडला, भाजला, आन परत हितंच टाकायचा? म्हंजी?"

मी कपाळाला आठ्या घातल्या. तो उठला, बांधाजवळचं एक ढेकूळ उचलून आणलं, आणि भाकरीबरोबर खायला घेतलेलं अर्धं लिंबू त्यावर पिळलं. ढेकूळ फसफसलं. साबणाचा फेस यावा तसा बारीक फेस आला, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. शेतकी शाळेतला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल त्याचा अर्थ काय ते. मातीत चुना आधीच भरपूर आहे. मला कळलं. त्या क्षणी कळलं हो! पण कार्ड भरलेलं, सही झालेली, वरच्या साहेबांना प्लॉट दाखवायची तारीख ठरलेली, आणि समोर कोण तर भट्टीवाला.

"चांदसाब," मी म्हणालो, "तू चुना भाज. शेती मी बघतो."

तो "बरं" म्हणाला आणि लिंबाची फोड ओढ्यात फेकून दिली.

भादव्यात पोती रानात पडली. गोजरबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "रामहरी, एक इचारू? आधी एका कोपऱ्यात टाकून बगू का? कसं हाय, जेवनात मीठसुदीक मी चाखून घालते."

"अर्धवट केलेलं प्रात्यक्षिक खातं मानत नाही, आत्या."

"आनि टाकल्यावर नांगरू का जरा? वरच्यावर ऱ्हाईल न्हवं चुना?"

"तुझी रीत न नांगरण्याची. तीच तर दाखवायचीय आपल्याला."

तिनं पोत्यांकडं बघितलं. मग म्हणाली, "माती तपासलीस न्हवं तू?"

"तपासली."

"मंग टाक."

तपासली, हे मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो. माणसाची जीभ कशी झडत नाही अशा वेळी, देव जाणे. तिनं पदर तोंडाला बांधला आणि दोन दिवस स्वतःच्या हातांनी चाळीस पोती पसरली. हाताला चिरा पडल्या, तर खोबरेल लावून परत पसरायला लागली.

पुढं काय झालं असेल ते शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. रान नांगरलेलं नाही, त्यामुळं सगळा चुना वरच्या दोन बोटांत बसला, आणि बी पडलं ते त्यातच. उगवण विरळ. जे उगवलं ते महिन्याच्या आत पिवळं पडलं, पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधली जागा हळदीच्या बोटांसारखी. शेजारी आबासाहेबाची ज्वारी डोक्याइतकी, काळीभोर. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबायचा, एकदा इकडं बघायचा, एकदा तिकडं, आणि मान हलवून म्हणायचा, "नांगर न्हाय ना. दुसरं काय?"

गोजरबाई रोज पहाटे रानात जायची. एकेका ताटाजवळ बसून पानं हातात घेऊन बघायची. मला म्हणायची, "रामहरी, ह्येला हाय काय? सांग की रं, तू शिकल्याला." मी म्हणायचो, बघू, अजून वेळ आहे. सोमवारची फेरी मी गुरुवारवर ढकलली आणि भाकरी खायला थांबेनासा झालो.

पौषात तालुक्याचे साहेब प्लॉट बघायला आले. बांधावर पंधरा-वीस माणसं, आबासाहेब पुढं, गोजरबाई बायकांत मागं. साहेबांनी पिवळी ताटं बघितली, चेहरा वाकडा केला आणि मला विचारलं, "काय कारण, रामहरी?"

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, चुना चुकला, माती मी तपासली नाही. फार तर एक पगारवाढ गेली असती, नाहीतर कुठंतरी बदली. ते वाक्य मी गिळलं. आणि मग जे बोललो ते त्याहून वाईट.

"नांगरट न केल्यामुळं मुळ्या खोल गेल्या नाहीत, साहेब."

माणसांत "हां" असा एकच आवाज उठला. आबासाहेबानं सुस्कारा सोडला. जिंकल्याचा नव्हे, उलट वहिनीची कीव आल्यासारखा. मी मागं वळून बघितलं नाही. तिचं तोंड बघायची माझी छाती नव्हती.

आठ दिवसांनी भर सकाळी ती माझ्या खोलीवर आली. तीन कोस चालत. उंबऱ्यातच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. पदराखालनं तिनं एक ढेकूळ काढलं आणि एक लिंबू.

"चांदसाबनं दावलं मला. तुलाबी दावलं हुतं म्हनं, पेरायच्या आदी."

मी मान खाली घातली. तिची नजर ट्रंकेकडं गेली, आणि ट्रंकेच्या पायाखाली तिच्याच चोळीच्या खणाची पिशवी. गाठ तिनं मारलेली, तशीच होती. मी ती काढूनसुद्धा ठेवली नव्हती हो. ती उठली, वाकून पिशवी बघितली, परत उंबऱ्यात येऊन बसली. मला वाटलं आता शिव्या घालेल, माझ्या सात पिढ्या उद्धरेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुजी नोकरी जाईल का रं, खरं सांगितलंस तर?"

"जाणार नाही, आत्या. बोलणी बसतील."

"मंग सांग की." ती अगदी हळू बोलली. "मला ज्वारीचं काय न्हाय. एक साल कोरडं ग्येलं, ग्येलं. आदी काय कमी गेल्यात? पन पाडव्याला आबासाहेब नांगर घालनार माज्या रानात. मी चुकले न्हाय ना? माजी रीत चुकली न्हाय ना? येवडंच सांग चावडीत. पंचांम्होरं."

"सांगतो."

"आईची आन?"

"आईची आण."

माझी आई तेव्हा वेळापुरात धडधाकट होती. पाडव्याच्या सकाळी मी खात्याला चिठ्ठी लिहिली, की आई आजारी आहे, आणि वेळापूरची एसटी धरली. घरी पुरणपोळी खाल्ली. आईनं विचारलं, आत्याला शिधा-बिधा दिलास का सणाचा? मी "दिला" म्हणालो. दुपारी चावडीत काय झालं ते मला नंतर चांदसाबनं सांगितलं. गोजरबाई सगळ्यांना सांगत राहिली, थांबा, रामहरी येनार हाय, त्यो सांगंल. पंच दिवस कलेपर्यंत थांबले. ती वाटेकडं बघत बसली. मग आबासाहेब म्हणाला, "वैनी, साहेबानं पौषातच सांगितलंय की समद्यांम्होरं. आता काय ऱ्हायलंय सांगायचं?" चांदसाब मध्ये बोलायला उठला, तर त्याला म्हणाले, तुझा चुना खपला ना, बस खाली.

दुसऱ्या दिवशी सहा बैलांचा नांगर तिच्या रानात उतरला.

मी बदलीचा अर्ज दिला आणि जूनमध्ये माळशिरसला निघून गेलो. निरोपसुद्धा घेतला नाही. माणूस एकदा पळायला लागला की पायांना सवय लागते.

आणि नशिबाची मस्करी बघा. खोल नांगरटीनं वरचा चुना हातभर खाली मिसळून गेला, पाऊसही बरा झाला, आणि त्या साली गोजरबाईच्या रानात आबासाहेबानं पेरलेली ज्वारी टंच आली. निम्मा वाटा त्यानं पोती मोजून वहिनीच्या दारात नेऊन टाकला, शब्दाला जागला. गावात त्यानंतर वादच उरला नाही. नांगर नाही म्हणून पिवळी पडली आणि नांगर लागला म्हणून हिरवी झाली, एवढं लहान पोरालाही कळत होतं. गोजरबाई दिराच्या मळ्यात खुरपायला जायची, चारचौघींबरोबर. स्वतःच्या रानात पाभर धरायची नाही. चांदसाबला तिनं सांगितलं होतं म्हणे, ढवळ्या घेऊन जा, मला आता सावड लागत न्हाय.

मला झोप लागत नव्हती असं म्हणणार नाही. लागायची. जेवणही जायचं. लग्न झालं, मुलगी झाली. पण भाकरी झाकलेली दिसली की घास अडकायचा. बायको विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, काही नाही, तिखट आहे. असं दोन वर्षं चाललं. मग अठ्ठ्याहत्तरच्या पाडव्याला मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगताय? तिकडं जाऊन सांगा." मी उठलो आणि एसटीत बसलो.

चावडीत माणसं जमलेलीच होती, सालाचे वाटे ठरत होते. मला बघून सगळे उठले. "या या, साहेब!" मी बसलो नाही. उभ्यानंच बोललो. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. सांगितलं, की माती तपासली नव्हती. कार्ड खोटं होतं. चांदसाबनं मला आधीच दाखवलं होतं. ज्वारी चुन्यानं पिवळी पडली, न नांगरल्यानं नाही. गोजरआत्याची रीत चुकली नव्हती. ती खरी, मी खोटा. सगळं सांगितलं, एक शब्द मागं ठेवला नाही. बोलताना मला भिंतीकडेला बायकांत बसलेली ती दिसत होती. केस पांढरे झाले होते. ती माझ्याकडं बघत होती.

मग आबासाहेब उठला. त्याचे डोळे भरून आले होते, खरंच आले होते.

"बगा रं, बगा," तो म्हणाला. "ह्येला म्हनत्यात शिकल्याला मानूस. इधवा बाईचं नाव खराब हुऊ नये म्हून दोन सालांनी परत येऊन दोस सोताच्या डोक्यावर घेतोय. कोन करतंय आजकाल?"

"अहो नाही! आबासाहेब, मी खरं सांगतोय. मी खोटं बोललो होतो—"

"कळलं, साहेब, कळलं. लई मोटं मन हाय तुमचं."

सगळे हसले, मायेनं. कुणीतरी म्हणालं, असा भाचा मिळायला नशीब लागतं, गोजराक्का. कुणीतरी धावत दुकानातनं नारळ, टोपी आणि सोलापुरी टॉवेल घेऊन आलं. मी पुन्हा एकदा सांगितलं, ओरडून सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि टाळ्या वाजवल्या. पंचांपैकी एकजण म्हणाला, चुन्यानं कधी रान जळतंय का, साहेब, आम्ही पानाबरोबर रोज खातो.

टाळ्या चालू असतानाच गोजरबाई उठली. पदर सारखा केला. दाराकडं जाताना माझ्यासमोर थांबली. मला वाटलं, ती तरी हात वर करून म्हणेल, आरं खरं बोलतोय त्यो, ऐका. पण दोन वर्षांपूर्वी ती दिवस कलेपर्यंत तेच सांगत होती, याच लोकांना, याच जागेवर.

"झालं का तुजं सांगून?" ती म्हणाली. रागानं नव्हे. खुरपं घ्यायचं राहिलंय असं काहीतरी आठवल्यासारखी, दमलेली. मग ती गेली. आबासाहेबाच्या मळ्याकडं, बाकीच्या बायकांच्या मागोमाग.

टॉवेल माझ्या खांद्यावर होता. लोक म्हणत होते, साहेब, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. मी खाली बसलो आणि चहा घेतला.